सारजाबाईंनी वाढवलेले वर्ष

सारजाबाई नेकनूरजवळच्या आमच्या गावात एकतीस वर्षे अंगणवाडी सेविका होत्या. अर्ज लिहून घ्यायला त्या माझ्याकडे येत, म्हणून ही हकीकत मला तारखांसह ठाऊक आहे.

गावातला बिभीषण दरवर्षी ऊसतोडीला जातो. त्याची मुलगी मोहिनी उसाच्या फडावर, पाचटाच्या कोपीत जन्मली, त्यामुळे तिच्या जन्माची नोंद कुठेच झाली नाही. ती पाच वर्षांची असताना आईबाप पुन्हा कारखान्याकडे निघाले. मागे राहणाऱ्या मुलांसाठी शाळेत हंगामी वसतिगृह होते, पण ते पहिलीपासूनच्या मुलांना. शाळाप्रवेशासाठी अंगणवाडीतून द्यायच्या दाखल्यावर सारजाबाईंनी तिचे वय सहा लिहिले. पोर फडावर न जाता शाळेत बसली. गावात कुणाला त्यात वावगे वाटले नाही.

गेल्या वर्षी दसऱ्याआधी मोहिनीचे लग्न ठरले. नवऱ्या मुलाला ऊसतोडीच्या टोळीत जायचे होते आणि मुकादम एकट्याला घेत नाही, नवराबायकोची जोडी लागते. कागदावर मोहिनीला अठरा पूर्ण होती. खरी सतरा.

आता नियमांनी बालविवाह रोखण्याचे काम ग्रामसेवकाकडे दिले आहे. अंगणवाडी सेविकेने त्याला मदत करायची. सारजाबाई ग्रामसेवक सोमेश्वर यांच्याकडे गेल्या. बिभीषण तिथेच बसला होता.

"मोहिनी सतराची हाय," त्या म्हणाल्या.

"कागद अठरा म्हणतो, बाई," सोमेश्वर म्हणाले. "मी कागद बघणार."

"त्यो माझ्या हातचा हाय. खोटा हाय."

बिभीषण हसला. "तवा तुमीच मोठी केली, आता तुमीच बारकी करायलाव व्हय?"

"व्हय. तवाबी तिच्यासाठीच केली."

"हे लेखी दिलं तर नोकरी जाईल तुमची," सोमेश्वर म्हणाले. "दोनच वर्षं राहिलीत. कावून पायावर धोंडा मारून घेता?"

त्या थेट माझ्याकडे आल्या. हातात अंगणवाडीचे वजनाचे जुने रजिस्टर होते. त्यात मोहिनीच्या आजीला विचारून लिहिलेला खरा जन्ममहिना आणि साल होते. मी बाल कल्याण समितीच्या नावे अर्ज लिहायला घेतला आणि 'चुकून' हा शब्द घालू का, असे विचारले.

"न्हाई. जाणूनबुजून केलं. तसंच लिहा."

बीडच्या बाल कल्याण समितीने रजिस्टर ग्राह्य धरले आणि अठरा पूर्ण होईपर्यंत लग्न करणार नाही, असे आईबापांकडून लिहून घेतले. मुलाकडच्यांनी आठवड्यात दुसरी मुलगी पाहिली. मोहिनी आजीजवळ राहून बारावी शिकू लागली. सारजाबाईंशी ती बोलत नाही. तो मुलगा तिला पसंत होता.

खोट्या दाखल्याबद्दल सारजाबाईंना नोव्हेंबरात नोटीस आली. नोटिशीचे उत्तर मीच लिहिले, तीन ओळींचे. तेरा डिसेंबरला सारजाबाईंची सेवा संपली.

जानेवारीत त्या आल्या तेव्हा मी मोहिनीची चौकशी केली.

"रोज दिसती. सायकल घेऊन दारावरून जाती," त्या म्हणाल्या. "मला बघून मान फिरवती. पर जाती शाळेलाच."