पाचव्या वळणावरचा व्हर्लिन

व्हर्लिन राडकीला मी बावीस वर्षं ओळखत होतो, असं लोक म्हणतात. त्यातला बराचसा काळ तो मला ताशी शंभर मैलांच्या वेगाने दिसला, तोही हेल्मेटमध्ये. तो देव मानायचा की नाही, त्याचं मुलीशी का पटत नव्हतं, यातलं मला काही ठाऊक नाही. तो गेल्यावर, आमच्या मोटर-शर्यतींच्या क्लबच्या पत्रकासाठी त्याच्यावर दोन परिच्छेद लिहून द्या, तुम्ही त्याच्या जवळचे, असं मला सांगण्यात आलं. मी चाळीस वर्षं टपाल वाटलं. लोकांनी लिहिलेलं घरोघर पोचवायचं, एवढाच माझा लिहिण्याशी संबंध. दोन परिच्छेदांत हे बसेना, आणि जे बसेना ते पत्रकात छापण्यासारखंही नाही.

हिकरी रनच्या ट्रॅकवर पाचव्या वळणाला मी झेंडे दाखवायचो. आमच्यासारखे हौशी लोक शनिवार-रविवारी पांढरे कपडे घालून भिंतीमागे उभे राहतात, पुढे गाडी अडकली तर पिवळा झेंडा हलवतात. शर्यत संपल्यावरच्या सावकाश फेरीत प्रत्येक चालक प्रत्येक वळणावर आमच्याकडे बघून हात हलवतो. बाकीचे दोन बोटं उचलायचे. व्हर्लिन खांद्यापर्यंतचा अख्खा हात खिडकीबाहेर काढायचा.

त्याची गाडी म्हणजे १९७० सालची जॅव्हलिन. ती गाडी आमच्या विस्कॉन्सिनमध्येच, केनोशाच्या कारखान्यात बनायची, आणि त्या साली एकोणीस वर्षांचा व्हर्लिन तिथे दारं बसवण्याच्या कामावर होता. कारखाना बंद पडल्यावर तो दुधाचे टँकर दुरुस्त करू लागला. ही जॅव्हलिन त्याला वौपाका गावाजवळ टर्कीच्या खुराड्यात सापडली. छताला गंज, सीटमध्ये पिसं. सात हिवाळे तो गॅरेजमध्ये तिच्यावर राबला. मागची सीट, गालिचा, हीटर, सगळं काढून टाकलं. गाडी उलटली तरी चालक वाचावा म्हणून पाइप वाकवून आत पिंजरा वेल्ड केला. इंजिन तीनदा उघडलं. ब्रेकला गार हवा मिळावी म्हणून कपडे वाळवायच्या मशीनची नळी पुढून ओढून आणली. शनिवारी मी जायचो आणि दिवा धरायचो. मला तेवढंच जमायचं.

"हे डावं दार मीच बसवलेलं असणार," तो एकदा म्हणाला.

"कशावरून?"

"नीट लागत नाही यावरून."

तो मला टपालराव म्हणायचा. मी फार बोलत नसे, म्हणून त्याच्या बायकोला, लव्हॉनला, तो सांगायचा, "हा पाकिटासारखा आहे, चिकटवलेला. वाफ दिल्याशिवाय उघडत नाही."

एका ऑगस्टमध्ये दुपारच्या सुट्टीत आम्ही त्याच्या ट्रकच्या मागच्या फळीवर बसून ब्राटवुर्स्ट, म्हणजे पावातले भाजलेले सॉसेज, खात होतो. आंबवलेला कोबी त्याच्या मांडीवर सांडत होता.

"टपालराव, सकाळी तू जागा सोडलीस का रे?"

"दोन मिनिटं सावलीत गेलो होतो."

"सरकत जाऊ नकोस बाबा. तू दिसलास की मी ब्रेक दाबतो."

मला वाटलं, चेष्टा करतोय. "ब्रेकसाठी वळणाआधी अंतराच्या पाट्या आहेत ना. तीन, दोन, एक."

"आहेत असं ऐकून आहे."

मी खायचा थांबलो. तो खातच राहिला. मग त्याने सांगितलं, हवापाणी सांगावं तसं. समोर बघितलं की मधोमध धुकं असतं. कडेचं मात्र सगळं स्वच्छ दिसतं. पाट्या समोर, म्हणून त्या गेल्या. मी कडेला, पांढऱ्या कपड्यांत, म्हणून मी राहिलो.

"पण शर्यतीच्या परवान्यावर दरवर्षी डॉक्टरांची सही लागते."

"डॉक्टर माझ्याच वयाचा आहे. गेल्या वर्षी त्याने तक्त्यासमोर उभं केलं, तेव्हा एवढं नव्हतं. यंदा मी म्हटलं, तसंच आहे. त्याने मान डोलावली आणि सही केली."

"लव्हॉनला माहीत आहे?"

"ट्रक कोण चालवत आणतंय असं वाटलं तुला?"

मी त्या वेळी म्हणायला हवं होतं, व्हर्लिन, आता पुरे. म्हणालो फक्त, "बरं."

पुढच्या वेळी मी रंगाचा डबा नेला आणि भिंतीमागच्या सिमेंटवर माझ्या बुटांसाठी दोन रेघा मारल्या. तो उरलेला मोसम मी त्या रेघांवर उभा राहिलो. लपवत नाही, मला त्याचा अभिमान वाटायचा. मी एका जागी उभा राहिल्याने कुणाचं काही अडतं किंवा भागतं, असं माझ्या आयुष्यात पूर्वी घडलं नव्हतं. व्हर्लिन वेळेवर ब्रेक दाबायचा, वळायचा, आणि मला वाटायचं, ते वळण मीही घेतलं.

पुढच्या जूनमध्ये सुरुवातीच्या रेषेवरचा माणूस आजारी पडला आणि सकाळच्या बैठकीत मला तिकडे धाडलं. पाचव्या वळणावर माझ्या जागी मार्सेला आली. ती शाळेत गणित शिकवते. मी तिला म्हणू शकलो असतो, त्या रेघांवर उभी राहा. ती विचारणार, का? व्हर्लिन कॉफीचा कप घेऊन माझ्यापासून दहा पावलांवर उभा होता. त्याला सांगू शकलो असतो, आज मी पाचवर नाही. मध्ये वीस माणसं होती. वीस माणसांमधून आवाज देणं मला कधी जमलेलं नाही. मनात म्हटलं, त्याची शर्यत दहाला आहे, तोवर गाठू. मग मला रेडिओ आणायला पाठवलं आणि दहा वाजले.

मार्सेला सावलीसाठी माझ्या रेघांपासून वळणाच्या बाजूला तीस फूट पुढे उभी होती. व्हर्लिनने तीस फूट उशिरा ब्रेक दाबला. जॅव्हलिन वाळूतून सरळ टायरांच्या ढिगात गेली. मार्सेलाने मागे उडी मारली आणि तिचं मनगट मोडलं. व्हर्लिनच्या बरगड्या ठेचल्या. मी हे सगळं रेडिओवर ऐकलं.

त्याने सगळ्यांना सांगितलं की ब्रेकचा पेडल मऊ पडला. तपासणाऱ्यांनी ब्रेक उघडून बघितले. काही दोष नव्हता. स्वतःच्या हाताने बनवलेल्या ब्रेकवर त्याने खोटा आळ घेतला. ते बोलताना तो गाडीकडे बघत नव्हता.

सोमवारी मी मुख्य पंच डेल्बर्टला फोन केला आणि डोळ्यांचं सांगितलं. फक्त डोळ्यांचं. रेघांचं सांगितलं नाही.

"तू स्वतः बोललास का त्याच्याशी?" डेल्बर्टने विचारलं.

"नाही. आणि माझं नाव कुठे येऊ देऊ नका."

"बरं," तो म्हणाला.

पंधरा दिवसांत व्हर्लिनला पत्र गेलं की डोळ्यांच्या तज्ज्ञाकडून तपासून या. मी निवृत्त झालो नसतो तर ते पत्र मीच त्याच्या टपालाच्या डब्यात टाकलं असतं. तपासणी झाली आणि त्याचा परवाना गेला. योग्य तेच झालं, यात मला शंका नाही. शंका नाही म्हणूनच ते त्याच्या स्वयंपाकघरात बसून सांगायला हवं होतं.

त्याचा फोन आला. "हे काम त्या डॉक्टरचं. चाळीस वर्षं त्याच्या गाडीचं तेल बदललं मी."

"कशावरून तोच?"

"माहीत होतं कुणाला? लव्हॉनला, त्याला आणि तुला. लव्हॉनला सांगायचं असतं तर माझ्या तोंडावर सांगितलं असतं. आणि तू तर गळाला लागलेल्या माशाचीही माफी मागतोस."

तो हसला, आणि फोन ठेवला.

त्या दिवसापासून त्याने डॉक्टरांशी बोलणं टाकलं. चाळीस वर्षांचे शेजारी, एकाच होडीतून मासेमारीला जाणारे. डॉक्टरांनी दोनदा दार वाजवलं. व्हर्लिनने उघडलं नाही. लव्हॉनने मला विचारलं, "तूच समजाव ना त्याला." मी म्हणालो, बघतो.

जॅव्हलिन आयोवाच्या एका माणसाने नेली. ट्रेलरवर ढकलायला मी होतो. व्हर्लिनने त्याला तिच्या सगळ्या खोडी एकेक करून सांगितल्या, मग तिच्या टपावर दोनदा थाप मारली आणि घरात गेला. ट्रेलर वळेपर्यंत थांबला नाही.

तो फेब्रुवारीत गेला, झोपेत. अंत्यविधीला डॉक्टर शेवटच्या रांगेत बसले होते, ओव्हरकोट न काढता. मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. हे लिहून झालं की पत्रकाकडे न पाठवता त्यांनाच नेऊन द्यायचं, असं ठरवलंय. माझ्या ठरवण्याचं काय होतं ते वर लिहिलंच आहे.

त्याला मी शेवटचा भेटलो तो त्याआधीच्या नोव्हेंबरमध्ये, शुक्रवारी. शुक्रवारी आमच्याकडे सगळं गाव पबमध्ये तळलेले मासे खायला येतं. मी वाक्य पाठ करून गेलो होतो: व्हर्लिन, तो डॉक्टर नव्हता, मी होतो. राई ब्रेड आला, कोबीची कोशिंबीर आली, मासे आले. तेवढ्यात लव्हॉन हळूच म्हणाली, "डॉक्टर आलेत."

"कुठल्या बाजूला?" व्हर्लिनने विचारलं.

"खिडकीजवळ."

त्याने उठून खुर्ची फिरवली, खिडकीकडे पाठ केली आणि पुन्हा खायला लागला. तिकडे डॉक्टर एकटे बसून मेनू वाचत होते. आमच्याकडे गेली पन्नास वर्षं तोच मेनू आहे. मी माझं वाक्य माशाबरोबर गिळलं.

बाहेर गाड्यांपाशी आलो तेव्हा दिवस मावळत होता. लव्हॉन ट्रक सुरू करायला गेली. व्हर्लिनने गळपट्टा घट्ट केला.

"सावकाश जा रे," तो म्हणाला. "या दिवसांत रस्त्यावर हरणं असतात."

"हो. तूपण."

"मी कुठे चालवतोय? लव्हॉनला सांग."