कमलताईची पितळी प्लेट

कमलताई काल गेली. स्वतःला माफ न करताच गेली.

कमलताई म्हणजे माझी मोठी नणंद. सत्तरच्या दशकात मालेगावात, म्हणजे आपल्या वाशिमकडच्या मालेगावात, ती फोटो स्टुडिओ चालवायची. काळ्या कापडाखाली डोकं घालून फोटो काढायचा तो मोठा लाकडी कॅमेरा. माझ्या सासऱ्यांचा, म्हणजे ताईच्या वडिलांचा होता. ते गेल्यावर तिनं हातात घेतला.

बाई फोटो काढते म्हणून बायका बिनधास्त यायच्या. मोहल्ल्यातल्या, आमच्या वस्तीतल्या, तांड्यांवरच्या. बाजाराच्या दिवशी आम्ही दोघी कॅमेरा, स्टँड आणि मागे टांगायचा पडदा घेऊन एसटीनं मानोऱ्याला जायचो.

त्रास एकच होता. कॅमेरा स्टँडवर बसवणं.

एवढं धूड दोन्ही हातांनी उचलून धरायचं, खालून स्क्रूचं भोक शोधायचं, आणि त्या स्क्रूचे आटे झिजलेले. बसला तर बसला.

वाशिमला लेथ मशीनवाले रहीमचाचा होते. त्यांनी ताईसाठी दोन प्लेट बनवल्या. प्लेट कॅमेऱ्याच्या बुडाला कायमची लावून टाकायची, मग स्टँडवर नुसती अडकवली की काम फत्ते.

एक ॲल्युमिनियमची. हलकी. खटका दाबला की बसलीच. पण कॅमेऱ्याचा भाता पुढे ओढला की जराशी डुलायची.

दुसरी पितळेची. खाचेत सरकवायची आणि खीळ लावायची. एकदम घट्ट, पण जड.

प्लेट पाहायला गेलो त्या दिवशी ताईनं कॅमेरा सोबत नेला होता. ही लावून पाहिली, ती लावून पाहिली. परत ही.

"हे लवकर बसते चाचा, पन हालून राह्यली. ते हालत नाही, पन खांदा मोडते."

चाचा हसले. "बेटा, कोनतीबी घे. पन आज घे. तुह्या स्क्रूचा भरवसा नाही."

"पुढच्या खेपेले सांगते."

ताई अशीच. साधी साडी घ्यायची तरी अख्खा बाजार पालथा घालणार आणि घरी येणार रिकाम्या हातानं. त्या दिवशीही आम्ही तशाच परत आलो.

दिवाळी झाली.

मानोऱ्याला ऊसतोडीच्या ट्रका लागल्या होत्या. आमचं काम आटोपलं होतं. ताईनं कॅमेरा खोलून पेटीत ठेवला, तेवढ्यात एक बाई पळत आली. तांड्यावरची. कडेवर लहान मुलगी.

"बाई, आमचा दोघीचा फोटो काढा. हिले बुडीजवळ ठेवून चालली मी. माहा फोटो घरी राह्यला तर मले इसरनार नाही ते."

तिचं नाव जमुना.

ताईनं लगेच कॅमेरा काढला. मी खालून स्टँड धरला. ताईनं स्क्रू फिरवला. नाही धरला. परत फिरवला. नाही.

ट्रकवाला हॉर्न वाजवत होता.

"थांब ना भाऊ जरासाक!" ताई ओरडली.

जमुना स्टुलावर ताठ बसून होती. मुलीचं तोंड पदरानं पुसून घेतलं. केस नीट केले.

शेवटी स्क्रू धरला. ताईनं काळं कापड डोक्यावर घेतलं, आणि मुकादमानं जमुनाला दंडाला धरून उठवलं.

सासू बाजूलाच उभी होती. मुलगी तिच्या हातात गेली. मुलीनं टाहो फोडला.

ट्रकमधून जमुना म्हणाली, "येऊ तवा काढू बाई."

"हो, पक्का काढू," ताई म्हणाली.

उन्हाळ्याच्या तोंडी जमुना मालेगावला आली. एकटी. स्टुडिओच्या दारातच उभी राहिली.

मुलगी तापानं गेली होती. आई उसाच्या फडात असताना. निरोप पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

"बाई, त्या दिवशी तिचा फोटो निंघाला होता का?"

ताईनं पाण्याचा तांब्या भरून तिच्यापुढे धरला.

"तुमी कापड घेतलं होतं डोक्यावर. मी पाह्यलं. थोडासा तरी निंघाला असन."

"नाही वं माय. नाही निंघाला."

जमुना पाणी प्यायली. तांब्या नीट ठेवून गेली.

दुसऱ्या दिवशी ताई वाशिमला. चाचांनी विचारलं, कोणती? ताई म्हणाली, "पितळेची. लावून द्या." हलवून पाहिली नाही. काही नाही.

त्यानंतर दर दिवाळीला ट्रका लागायच्या आधीच आम्ही मानोऱ्याला मुक्कामाला जायचो. आई आणि लेकरू, आई आणि लेकरू. असे किती फोटो काढले, हिशोब नाही. लोक ताईला दुवा द्यायचे. तिचा चेहरा पडायचा.

"काहून मनाले लावून घेता ताई? ट्रकवाला नाही थांबला, त्याले तुमी काय करान?" मी म्हणायचे.

"ट्रकवाल्याचं सोड शोभा. प्लेट माह्या हातात होती. मी ठेवून आली."



काही वर्षांनी जमुना रांगेत दिसली. मांडीवर मुलगा. फोटो छान आला. तो देताना ताईला राहवलं नाही.

"जमुना, मले माफ कर."

जमुना शांतपणे म्हणाली, "माफी कायची बाई? तुमी का मुद्दाम केलं? पन आता मले तिचं तोंड नीट ध्यानात येत नाही. झाकल्या डोळ्यानं पाहतो, तरी नाही येत."

रागानं नाही म्हणाली. रागावली असती तर ताईला सोपं गेलं असतं.

त्या रात्री ताई जेवली नाही. पुढे स्टुडिओ बंद झाला, गुडघे गेले, कानही गेले. कधी मधेच म्हणायची, "पोरीचे केस नीट केले होते वं तिनं." आम्ही समजावणं सोडून दिलं होतं. नुसते जवळ बसायचो.

आज दुपारी ताईला निरोप दिला. गर्दी पांगल्यावर पन्नाशीकडे झुकलेला एक माणूस पुढे आला. मोबाईलवर बातमी पाहून मोटरसायकलनं आला होता.

"मी जमुनाबाईचा पोरगा. तिच्यानं चालणं होत नाही. म्हनली, तू जाऊन ये."

"अजून काही म्हणाली का?"

"नाही. फक्त जाऊन ये म्हनली."

त्यानं फुलं वाहिली, हात जोडले.

ताई, जमुनानं पोराला पाठवलं, ते तुम्ही नाही पाहिलं. मी पाहिलं.

आता आराम करा.

जय भीम, ताई. घरातल्या सगळ्यांकडून शेवटचा नमस्कार.