आराम कधीपासून मोजायचा?

आमच्या वरच्या मजल्यावरचे कॅप्टन मोठ्या जेटचे नव्हेत, छोट्या गावांना जाणाऱ्या पंख्याच्या विमानांचे. मी चिडवायचो, "कॅप्टन, तुमचं विमान म्हणजे आकाशातली रिक्षा!"

ते म्हणायचे, "रिक्षावाल्यांचा संप तरी होतो हो."

दुखणं तिथंच होतं. वैमानिकांच्या संघटनेचे ते अध्यक्ष. पण फौज कसली? तरुण पोरं मोठ्या कंपनीत उडी मारायला टपलेली, त्यांना ही कंपनी म्हणजे धर्मशाळा. आणि जुने दुसरीकडे गेले की सेवाज्येष्ठता शून्यावर, म्हणून तेही तोंड शिवून बसलेले.

मागणी तशी साधी. घरी असो वा परगावी मुक्कामाला, कंपनी आराम मोजायची विमान थांबल्यापासून. हॉटेलची गाडी येईना, खोलीची चावी मिळेना, तो सगळा वेळ आरामात जमा! कॅप्टन म्हणत, खोलीचं दार लागल्यापासून मोजा. झोपेत विमान चालवत नाहीत. शेवटी संघटनेत ठरलं की रविवारपासून सुट्टीच्या दिवशी जादा ड्यूटीला बोलावणारा कंपनीचा फोन कुणी घ्यायचा नाही. विमानं अडली की साहेब नाक मुठीत धरून येतील.

रविवारी सकाळी पेपर मागायच्या मिषानं मी वर गेलो. कॅप्टनांचा फोन वाजला. त्यांनी तो टेबलावर पालथा घातला.

"वाजू दे मेल्याला," वहिनी म्हणाल्या.

मग कन्येचा वाजला. ती त्याच कंपनीत सहवैमानिक. मोठ्या कंपनीची मुलाखत तोंडावर आलेली, आणि तिथं इथल्या साहेबाचा शेरा लागतो. फोन थांबला, पुन्हा वाजला. तिनं बापाकडे पाहिलं. बाप साखर विरघळली तरी चहा ढवळत राहिला.

"हो सर," ती म्हणाली. "येते."

"फितूर घरातच निघाला की!" मी म्हणालो. वहिनींनी माझा कप उचलून नेला; त्यात अर्धा चहा होता.

"बाबा, बाकीचेही जातायत. बोलत नाहीयेत, एवढंच."

"माहितेय. तू आंघोळ उरक," कॅप्टन उठले. "शर्टाला इस्त्री मी करतो."

बुधवारी वाटाघाटी झाल्या. आतली बातमी मला कुणी दिली ते विचारू नका, माझे कान लांब आहेत. साहेबांनी आरामाचा विषयच काढला नाही. हसून एवढंच म्हणाले, "कन्या काय म्हणते, कॅप्टन? रविवारी अगदी वेळेवर आली हो!"

कॅप्टनांनी सही केली. आराम पूर्वीसारखाच, विमान थांबल्यापासून.

संध्याकाळी दोन-चार टोमणे परजून मी वर गेलो. दार उघडंच होतं. ड्यूटीवरून आलेली कन्या खुर्चीत बसल्या बसल्या झोपली होती, युनिफॉर्ममध्ये. कॅप्टन खाली बसून तिच्या बुटांची नाडी सोडवत होते.

"हळू बोला," ते पुटपुटले. "कंपनीच्या हिशेबानं हिचा आराम केव्हाच सुरू झालाय."

मी आल्या पावली परतलो.