राणीला मिशी नसते

दोन हजार चार साल. मी अडुसष्ट वर्षांचा होतो आणि माझी मिशी चाळीस वर्षांची.

शाळा चौथीपर्यंत, तीही अर्धीमुर्धी. पण गडहिंग्लजच्या खालच्या अंगाला आमच्या गावात जत्रेला खेळ व्हायचा, त्यातली राणी मीच. आमची अव्वा, म्हणजे आई, कानडी मुलखातली. राणीची कानडी गाणी तिनंच चुलीपुढं बसवून शिकवली. दासी मराठीत विचारायची, राणी कानडीत उत्तर द्यायची, आणि गावाला दोन्ही कळायचं. माझ्या लग्नात मांडवात सासरचा एकजण सगळ्यांदेखत म्हणाला, "जावई आणलाय का सून?" त्या दिवसापासनं मी मिशी राखली आणि राणी सोडली. पुढं कोल्हापुरात आलो, फाउंड्रीत उभा जन्म गेला. ह्या मिशीकडं बघून कुणाची ब्र काढायची छाती झाली नाही.

धाकट्या बहिणीची मुलगी मुंबईला चित्रकला शिकली, पण चित्रं काही काढायची नाही. जुनी लुगडी टांगायची, त्यांच्यावर फिल्म पाडायची, कोपऱ्यातनं बायकांचे आवाज सोडायची. ह्यालाच कला म्हणतात म्हणे. त्या साली ती अव्वाची लुगडी आणि कॅमेरा घेऊन माझ्याकडं आली.

"मामा, राणी पाहिजे."

"राणी कवाच मेली."

"मग गाणी कोण म्हणणार? आईला तर कानडी येत न्हाय. तुमच्यामागं कोण हाय?"

हे मात्र लागलं. माझ्यामागं खरंच कोण नव्हतं.

"म्हणतो," म्हटलं. "पण मिशीला हात लावायचा न्हाय."

"नका लावू."

बाहेरच्या सोप्यात बसून गाणं म्हटलं. तिनं छोट्या पडद्यावर दाखवलं. गाणं राणीचं आणि त्यावर मिशी खालीवर नाचतेय. आमची बायको म्हणाली, "ही कसली राणी? राणीचा पैलवान वाटतोय."

"चालतंय की, मामा," भाची म्हणाली.

ते 'चालतंय' मला काही चालेना. उठलो, कोपऱ्यावरच्या न्हाव्याकडं गेलो. "उतरव."

त्यानं खांद्यावर हात ठेवला. हळूच विचारलं, "कवा झालं?"

"काय कवा? उतरव म्हटलं की!"

त्यानं वस्तरा चालवला. आमच्याकडं पिकल्या माणसाची मिशी उतरते ती घरातलं थोरलं माणूस गेलं तरच, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

घरी येऊन अव्वाचं लुगडं डोक्यावरनं घेतलं आणि सुरू केलं. ह्या खेपेला आवाज आला, तिनं शिकवला तसा. अर्ध्यात आलो आणि न्हाव्याकडनं कळून शेजारी दारात उभा. मागं त्याची बायको, हातात पिठलं-भाकरी. सुतकाच्या घरात चूल पेटत नाही ना.

"गावाकडचं थोरलं भाऊ गेलं व्हय?" म्हणत तो आत आला आणि मला बघून थिजलाच.

"कोण गेलं न्हाय."

"मग मिशी?"

"राणीला मिशी असती व्हय?"

"आन् म्हातारपणी बायकू झालास?"

चाळीस वर्षांनी तोच मांडव. पदर उतरवायला हात गेलाही. भाची कॅमेऱ्यामागं उभी होती. मी पदर जरा पुढं ओढून घेतला. "बस तिथं. गाणं संपू दे."

बसला. संपेपर्यंत हलला नाही. पिठलं मग सगळ्यांनी मिळून खाल्लं. शेजारणीच्या हाताला चव होतीच. जाताना तो म्हणाला, "उद्या कट्ट्यावर काय सांगणार हाईस?"

दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखा दूधकट्ट्यावर गेलो. म्हशी पिळून ताजं दूध ग्लासात देणं चालू होतं. सगळ्यांच्या नजरा माझ्या ओठावर. कुणी विचारायच्या आत मीच म्हटलं, "कोण मेलं न्हाय. राणी केली काल. भाची पडद्यावर दावणार हाय, बघायची असंल त्यानं यावं."

आणि ग्लास उचलला. शेजारी पलीकडं उभा राहून पीत होता, त्याच्या मिशीला फेस लागलेला.

"पूस ते," म्हटलं.