चांदणीवाली गाडी शिरपूरला निघाली

म्हातारी वाचली, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर वाचणारा मनात भलतंसलतं धरून बसतो आणि मी काय सांगतोय ते बाजूला राहतं. मला सांगायचं आहे ते माझ्याबद्दल, आणि ते फारसं चांगलं नाही.

पन्नास सालानंतरची पाच-सहा वर्षं उलटली होती. मी चोवीस-पंचवीस वर्षांचा, वाशिमला एका दुकानात कामाला होतो. दुकान म्हणजे पुढे हातानं दांडा मारायचा पेट्रोलचा पंप, मागे डिझेलची पिंपं आणि बाजूला मोटारी दुरुस्त करायची शेड. मालकाला सगळं गाव चाचा म्हणायचं, म्हणून मीही चाचाच म्हणायचो. पेट्रोल मोटारींना, डिझेल ट्रकांना आणि पिठाच्या गिरण्यांना. पंगतीत कोणाला कुठे बसवायचं हे जसं गावात कोणी विचारत नसे, तसं कोणत्या गाडीला काय पाजायचं हे आम्हीही विचारत नव्हतो. गाडीकडे पाहिलं की कळायचं.

जर्मन गाडीचं वेड मला केव्हा लागलं ते नक्की आठवत नाही. एका रद्दीतल्या मासिकात तिचं चित्र मिळालं होतं. लांब नाक, बाहेर आलेले दोन दिवे आणि नाकाच्या टोकावर गोलात बसवलेली तीन टोकांची चांदणी. ते चित्र मी शेडच्या भिंतीला खळीनं चिकटवलं होतं. पुढे तीच चांदणी लावलेले ट्रक आमच्या रस्त्यावर दिसू लागले. ते आपल्याच देशात तयार होतात असं ड्रायव्हर सांगायचे. मी त्यांच्यात डिझेल ओतायचो, पण माझं मन त्या चित्रातल्या गाडीत. चाचा म्हणायचा, "नोकरी माह्याकडं करतं अन् सपनं जर्मनीची पाहून राह्यला." लोक हसायचे. मलाही त्याचं काही वाटत नसे.

आणि वैशाखात एका दुपारी ती गाडी खरंच दुकानापुढे येऊन उभी राहिली. काळी, धुळीनं माखलेली, पण तीच. चांदणीसकट. इंजिनाचा कटकट आवाज माझ्या कानांनी ऐकला होता, आणि तो पिठाच्या गिरणीसारखा आहे हेही कानांनी सांगितलं होतं. पण डोळे असे दिपले होते की कानांचं कोण ऐकतो. जर्मन इंजिन असंच बोलत असेल, असं मी स्वतःला समजावलं.

गाडीतून चाळिशीतले एक शेठ उतरले. नांदेडकडचे कापडाचे व्यापारी, जैन. मागच्या सीटवर त्यांची आई होती, सत्तरीच्या पुढची, पांढऱ्या लुगड्यातली, डोळे मिटून बसलेली. शेठजी चाचाला म्हणाले, "टाकी भरून ठेवा. मी तोंडावर पाणी मारून येतो." आणि ते मागच्या हौदाकडे गेले.

मी दांडा मारला. टाकी पेट्रोलनं भरली. एवढ्या मोठ्या माणसाच्या एवढ्या मोठ्या गाडीत ट्रकांचं तेल टाकायचं, हा विचारसुद्धा मनात आला नाही. चाचा शेजारीच उभा होता, त्याच्याही मनात आला नाही.

शेठजी घाईत परत आले. शिरपूरचा रस्ता विचारला आणि घाईचं कारणही सांगितलं. आईचा नवस होता. शिरपूरच्या पार्श्वनाथाचं दर्शन झाल्याशिवाय तोंडात पाणी घ्यायचं नाही, असा नेम करून ती आदल्या दिवशी सकाळी घरून निघाली होती. दुपारपर्यंत पोचायचं, दर्शन, मग पाणी, एवढा साधा हिशेब. पण हिंगोलीच्या अलीकडे दोन टायर गेले, सगळा दिवस त्यात गेला आणि मुक्काम करावा लागला. दुसऱ्या दिवशीही निघायला दुपार झाली. आता तिला पाण्याविना दीड दिवस झाला होता. त्यात जैनांचा दुसरा नियम असा की दिवस मावळल्यावर पाणीही घ्यायचं नाही. म्हणजे सूर्य असेपर्यंत दर्शन झालं तर आज पाणी, नाहीतर उद्या सकाळी. आणि ऊन असं होतं की दुकानाच्या पत्र्याकडे बघवत नव्हतं.

"पोचता ना शेठजी," चाचा म्हणाला. "दीड-दोन घंट्याचं काम हाये. हा पोरगा रस्ता दाखवते तुमाले. जा रे, सर्व्हिस मोटारीनं वापस ये."

मी पुढच्या सीटवर बसलो. ते कातडं, ती लाकडी पट्टी, ते पांढरं चाक. शेठजींनी एक खुंटी ओढून धरली आणि समोरच्या छोट्या जाळीत एक तार लाल होईपर्यंत वाट पाहिली. गाडी तापलेलीच होती, पण त्यांना ती सवय होती. मग इंजिन सुरू झालं. हे सगळं काहीतरी पूजेसारखं चाललंय असं मला वाटलं. तार कशासाठी तापवतात, हे विचारायची अक्कल तेव्हा हवी होती.

वाशिम मागे पडलं. शेठजींना बोलायची हौस होती, किंवा आईची काळजी विसरायला ते बोलत असावेत. म्हणाले, जगातली पहिली मोटार ज्यानं बनवली, त्याच्यापासून या कंपनीचं मूळ. त्या माणसाला आपली गाडी लोकांपुढे न्यायचा धीर होईना. तेव्हा त्याची बायको एके दिवशी पहाटे त्याला न सांगता दोन मुलांना घेऊन ती गाडी काढून सरळ माहेराला गेली. तोवर एवढ्या लांब मोटारीनं कोणी गेलं नव्हतं. वाटेत तेल संपलं तर औषधाच्या दुकानातून घेतलं, नळीत कचरा अडकला तर डोक्यातल्या पिनेनं काढला.

मागून म्हातारी हसली. आवाज कोरडा होता. "माहेराला जायचं म्हटल्यावर बाई थांबते होय?" ती म्हणाली.

मी कानांत प्राण आणून ऐकत होतो. दोन जुन्या कंपन्या पुढे एक झाल्या. गाडीला नाव दिलं ते एका व्यापाऱ्याच्या मुलीचं. चांदणीची तीन टोकं म्हणजे जमीन, पाणी आणि आकाश, तिन्हीकडे आमचंच इंजिन चालेल अशी त्यांची जिद्द. मग लढाई आली. कारखान्यांनी लष्कराची कामं केली, वरून बाँब पडले, सगळी राख झाली. आणि त्या राखेतून त्यांनी पुन्हा जी पहिली गाडी काढली, ती ही. जुन्याच सांगाड्याची, पण अशी की देशात काही मिळत नसताना थोडक्यात भागावं.

"म्हणून तर मी ही हैदराबादेत एका नवाबाच्या घरून उचलली," शेठजी म्हणाले. "बाकी मोटारी पेट्रोल पितात. ही डिझेलवर चालते. लोकांना खरंच वाटत नाही."

मला खरं वाटलं. लगेच वाटलं. गिरणीचा आवाज, तापवायची तार, सगळं एका क्षणात जागेवर बसलं.

बोलायला हवं होतं. एवढंच म्हणायचं होतं, शेठजी, गाडी थांबवा, माझी चूक झाली. पण गाडी चालत होती. छान चालत होती. टाकीत आधीचं थोडं डिझेल असणार, दोन्ही मिसळून निभावेल, असं मी मनाशी धरलं. बोललो तर चाचाचं नाव जाईल, नोकरी जाईल. आणि आता म्हातारपणी लपवायचं काय, मला त्या सीटवरून उतरायचंही नव्हतं. आयुष्यात पुन्हा कधी बसायला मिळणार होतं? मी रस्त्याकडे बघत राहिलो आणि इंजिनाचा एकेक ठोका मोजत राहिलो.

मालेगाव आलं. आपलं मालेगाव, नाशिककडचं नव्हे. तिथून शिरपूरचा रस्ता फुटतो. फाट्यावर शिरपूरवरून जाणारी सर्व्हिस उभी होती. कंडक्टर टपावर सामान चढवत होता, गाडीत जागा होती. त्याच वेळी आमच्या इंजिनानं एक ठोका चुकवला. पुन्हा एक. शेठजींनी कपाळाला आठ्या घातल्या. "तापली असेल," ते म्हणाले.

म्हातारीनं डोळे उघडले. पुढे वाकून तिनं मलाच विचारलं, मुलाला नाही. "बेटा, गाडी पोचेल ना? नाहीतर मी त्या मोटारीत बसते. मला काही लाज नाही."

"पोचते आजी," मी म्हणालो. "दहा-बारा मैलच राह्यले."

सर्व्हिस धुरळा उडवत आमच्या पुढे निघून गेली.

त्यानंतरचे ते मैल मी कसे काढले ते मलाच ठाऊक. गाडी चढावर धापा टाकू लागली, खणखण वाजू लागली. शेठजींचं बोलणं बंद झालं. दोन्ही बाजूंना पीक काढून उलंगलेली वावरं, कुठे चिटपाखरू नाही. मी सूर्याकडे बघायचो, मग रस्त्याकडे, मग पुन्हा सूर्याकडे. एका नाल्याच्या उतारावर इंजिनानं दोन आचके दिले आणि बंद पडलं. गाडी आपल्या वजनानं खाली गेली आणि थांबली. शिरपूर तीन मैल होतं. सूर्य दोन कासरे वर होता.

शेठजींनी गाडीचं नाक उघडलं. मीही उतरलो, आणि पुढचा अर्धा तास मी जे केलं त्याची मला गाडीत पेट्रोल भरल्यापेक्षा जास्त शरम वाटते. मी नळ्या हलवल्या. पाना मागितला. बोल्ट सैल केले, पुन्हा कसले. आपल्याला माहीत आहे ते शोधण्याचं सोंग केलं. शेठजी तीनदा तार तापवून बसले, तीनदा इंजिन नुसतं खाकरलं.

मागच्या खिडकीतून म्हातारीचा आवाज आला. "दिवस किती राहिला, बेटा?"

तेव्हा मी पाना खाली ठेवला. "शेठजी," मी म्हणालो, "म्या पेट्रोल भरलं. मले माईत नव्हतं."

शेठजी माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. ते रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले आणि दोन्ही दिशांना बघू लागले. बऱ्याच वेळानं मागून एक रिकामी बैलगाडी आली. गाडीवानानं काय झालं ते विचारलंही नाही. म्हातारीकडे पाहून तो एवढंच म्हणाला, "बसवा मायले. बैलं थकेल हायेत, पण जाऊ हळूहळू."

शेठजींनी गाडीतून ओल्या फडक्यात गुंडाळलेला पितळी तांब्या आणला आणि आईला धरून बैलगाडीत बसवलं. जर्मन गाडी नाल्याच्या काठी तशीच सोडली. तिच्याकडे वळून बघावंसं मला वाटलं नाही. मी बैलगाडीच्या मागे चालू लागलो.

बैल खरंच थकले होते. गाडीवान त्यांना चुचकारत होता, शेपट्या पिरगाळत होता, पण ते आपल्याच चालीनं चालले. सावल्या लांब होत गेल्या. शेठजी आईच्या शेजारी बसून मावळतीकडे बघत होते आणि मधूनच कपाळ चोळत होते. म्हातारी माझ्याकडे तोंड करून पाठीमागच्या बाजूला टेकली होती. तिचे ओठ फुटले होते.

"मालेगावला मी तुला विचारलं," ती हळू म्हणाली, "तेव्हा तुला माहीत होतं?"

शेठजींनी मान वळवली.

मी नाही म्हणू शकलो असतो. तिला पटलंही असतं. "माईत होतं, आजी," मी म्हणालो.

"मग का नाही बोललास?"

नोकरीचं सांगणार होतो. तोंडातून निघालं ते वेगळंच. "मले त्या गाडीत बसाचं होतं."

शेठजींच्या तोंडून एक शिवी निघाली. आईनं त्यांच्या हातावर हात ठेवला, तेव्हा ते पुन्हा मावळतीकडे वळले. तिनंही डोळे मिटले. मी चालत राहिलो. एवढंसं उत्तर द्यायला दोन तास लागले होते, आणि ते दिल्यानंतर मला हलकं वगैरे काही वाटलं नाही. घसा सुकून काटा झाला होता. दुकानातून निघाल्यापासून मीही पाण्याचा थेंब घेतला नव्हता, हे तेव्हा लक्षात आलं.

शिरपूरची झाडं दिसू लागली, घरांचे धूर दिसू लागले. आणखी अर्धा मैल असेल. म्हातारीनं हात वर केला आणि गाडीवानानं बैल थांबवले, का ते मला आधी कळलं नाही. मग पाहिलं तर सूर्याची कड वावराच्या पलीकडे बुडत होती. बुडाली. म्हातारीनं हात जोडले, काहीतरी पुटपुटली. शेठजी रडत होते, मोठा माणूस, आवाज न करता. ती मात्र रडली नाही.

तिनं मांडीजवळचा तांब्या उचलला, फडकं सोडलं आणि मला जवळ बोलावलं.

"हे सकाळी उकळून गाळून आणलं होतं," ती म्हणाली. "आमच्यात आता ते उद्याला चालत नाही. ओतूनच द्यायचं. तुझं तोंड सुकलंय. तू पी."

मी नको म्हणालो. निदान म्हणायला तोंड उघडलं. शेठजी दुसरीकडे बघत होते. तिनं तांब्या तसाच पुढे धरून ठेवला, तेव्हा मी तो घेतला. एक घोट घ्यायचा आणि परत द्यायचा असं ठरवून मी तांब्या तोंडाला लावला. मग थांबता आलं नाही. तिच्या समोर उभा राहून मी घटाघटा सगळा तांब्या प्यालो, शेवटच्या थेंबापर्यंत. ती माझ्या गळ्याकडे बघत होती.

मी रिकामा तांब्या तिच्या हातात दिला. तिनं तो फडक्यात गुंडाळला.

"गार होतं का रे?" तिनं विचारलं.

"हो," मी म्हणालो.