बियाच्या शेंगा आणि टकलं रान

माझी शाळा चौथीपर्यंत. लिहिताना चुका होतील, पण खोटं एक अक्षर न्हाई.

माझा थोरला आफ्रिकेतल्या एका लहानशा देशात तेलाच्या गिरणीत मशिनं सांभाळतो. देश एवढासा, की नकाशावर माझ्या अंगठ्याखाली झाकतो. तिथं भुईमूग येतो, सूर्यफूल येतं. माती आमच्या कवठे महांकाळच्या रानासारखीच मुरमाड. तरी लोकांचं खायचं तेल बाहेरनं येतं, कारण गिरणीला शेंगाच पुरत न्हाईत. निम्मं वर्ष ती बंदच.

दोन सालांमागं गिरणीच्या मालकानं आसपासच्या शेतकऱ्यांना भुईमुगाचं बी वाटलं. उगवलं ते निम्मंच. पोरगं तोंड पाडून फोनवर आलं.

"आबा, येत्या हंगामालाबी असंच झालं तर मालक गिरणीला कुलूप लावणार. शेतकऱ्यांच्या शेंगा मग कोण घेणार? मीबी गाशा गुंडाळून येतो."

"पाऊस कमी पडला व्हय रं?"

"न्हाई, पाऊस बेस झाला."

"मग बी कसलं हुतं?"

"एक नंबर. मशिनवर फोडून, पोती भरून, चार महिनं गोदामात जपून ठेवल्यालं."

मी कपाळाला हात लावला. फोन हिनं धरला होता. ही म्हणाली, "आवं, हात काढा, पोराला तुमी दिसंना झालाय."

आमच्याकडं बियाच्या शेंगा टरफलासकट ठेवतात. पेरणी आठवड्यावर आली, की मगच हातानं फोडायच्या. दाण्यावरची लाल साल कुठं सोलली, तर तो दाणा बाजूला, आमटीला. मशिनमध्ये साल फाटते, आणि नुसता दाणा महिनोन्महिने ठेवला की त्याचा जीव जातो. फोडायला बसणाऱ्या बायकांना माझी आई आधी पोटभर शेंगा-गूळ खायला घालायची. भुकेला माणूस बियाकडं खायच्या नजरेनं बघतो, म्हणायची. खाल्ल्याशिवाय कुणाला सुपाला हात लावू द्यायची न्हाई.

हे सगळं सांगितलं. पोरगं म्हणालं, "मालक शिकल्याला माणूस हाय, आबा. त्याला हातानं फोडा म्हणलं तर हसंल."

"हसू दे. आन त्याला फोनवर."

दुसऱ्या दिवशी मालक खरंच आला. उंच, काळा कुळकुळीत, डोक्यावर टोपी. पोरगं मधे बसून दोन्हीकडचं सांगत होतं. मालकानं विचारलं, तुम्हाला कसं ठाऊक? म्हटलं, बापजाद्यापासनं ठाऊक हाय. त्यानं मान हलवली. त्याच्याकडंही बापजादे असणारच की! त्याची नजर घड्याळाकडं गेली.

हिनं मला कोपर मारलं. "टकल्या रानाचं सांगा की."

"गप गं."

"सांगा. न्हाईतर मी सांगते."

ती गोष्ट मी पोरालासुद्धा कधी सांगितली नव्हती. हा रांगता होता तेव्हाची. मी आईशी हट्ट केला, बायका कशाला बसवायच्या, मशिन आलंय गावात. तीन महिने आधीच सगळं बी फोडून पोत्यात भरलं आणि तेच पेरलं. रान असं उगवलं, की मधे मधे नुसती माती. गावानं रानाचं नाव टकलं ठेवलं, आणि मला वर्षभर जो तो विचारायचा, "काय गड्या, केस आलं का रानाला?" आईनं मात्र पुढल्या साली गुळाचा खडा आधी माझ्याच हातावर ठेवला. तेच जास्त लागलं.

पोरगं फोन बंद करायला वाकलं. मी म्हटलं, थांब. आणि सांगितलं सगळं, केसाच्या प्रश्नासकट. पोरानं ते मालकाला सांगितलं. मालक मांडीवर हात मारून हसला. हसून झाल्यावर त्यानं खिशातला पेन काढला. विचारलं, पेरणीच्या आधी किती दिवस फोडायचं?

आपली दिवाळी सरली की तिकडं पाऊस सुरू होतो. त्या पेरणीला गावोगावच्या बायकांनी हातानं बी फोडलं. पुढं पोरानं रानाचा व्हिडिओ पाठवला. मी तो तासभर परत परत बघितला, एकही जागा मोकळी दिसती का म्हणून. दिसली न्हाई. गिरणीचं कुलूप टळलं.

यंदा पोरगं रजेवर आलं, तेव्हा तिथल्या शेंगांच्या तेलाचा डबा घेऊन आलं. हिनं गरम भाकरीवर चटणी घालून वर ते तेल सोडलं.

"कसं हाय, आबा?"

"आपल्या घाण्याच्या तेलाइतकं न्हाई," मी म्हणालो, आणि दुसरी भाकरी मागितली.

ते हसत म्हणालं, "मालक बी वाटताना दर गावात तुमची गोष्ट सांगतो. टकलं रान तिकडं सगळ्यास्नी ठाऊक झालंय."

इतकी वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट एका देशाला कळली होती. ही पदर तोंडाला लावून हसत होती. हसू दे. उगवण तर पुरी झाली.

आमच्याही पेरणीचे दिवस जवळ आले होते. घराच्या पुढल्या सोप्यात बियाच्या शेंगा ओतल्या होत्या. पोरगं सूप ओढून बसायला लागलं. मी गुळाचा खडा त्याच्या पुढं धरला.

"आधी खा," म्हटलं, "मग बस."