बिनकाट्यांचं निवडुंग

"हात लावू नका, मी आलो!"

कुंपणापलीकडून ही हाक आली की समजावं, आमच्या घरात काहीतरी अडलेलं मामांच्या कानावर गेलंय. विहिरीत बादली पडो नाहीतर बरणीचं झाकण अडो, हाक तीच. एकदा आमच्या छपरात नाग निघाला तेव्हाही ते असेच धावत आले आणि सरळ ओटीवरच्या बाकावर चढून उभे राहिले. म्हणाले, "मी आलोय. आता कुणालातरी बोलवा."

तुमच्याही शेजारी असं एखादं माणूस असेल. आमच्या शहापुरात ते मामा होते. जंगलखात्यातून कारकून म्हणून निवृत्त झालेले, बायको गेलेली, मुलगा मुरबाडला त्याच खात्यात हंगामी नोकरीवर. आमचे वडील लवकर वारले, तेव्हापासून आई त्यांना भाऊ म्हणायची. नुसतं म्हणायची नाही, मानायची.

त्यांचा साहेब विलायतेला परत गेला तेव्हा मडमेनं त्यांना एक निवडुंग दिलं होतं. काटे नसलेलं, चपट्या पेरांना पेरं जोडलेलं. पावसाळाभर ते गप्प असायचं आणि बरोबर नाताळात प्रत्येक फांदीच्या टोकाला गुलाबी फूल लोंबायचं. आळीतल्या बायका बघायला यायच्या. मामांनी त्याचं रोप फक्त आमच्या आईला दिलं होतं. ते ओटीच्या सावलीत अर्ध्या कापलेल्या रॉकेलच्या डब्यात वाढलं. त्याची माती बदलायची ती मात्र मामांनीच.

बेचाळीसच्या आंदोलनात माझा मोठा भाऊ, आमचा दादा, भूमिगत झाला. तारा तोडणाऱ्यांत त्याचं नाव होतं. तो डोळखांबकडच्या एका पाड्यावर लपलाय, एवढं फक्त आईला आणि मला ठाऊक होतं. ज्या म्हातारीच्या झोपडीत तो होता, ती वर्षानुवर्षं आमच्याकडे मोळी विकायला यायची.

त्या जानेवारीत फुलं गळली आणि मामा नवी कुंडी घेऊन आले. मुळांनी डबा फुटायला आणला होता. परसात बसून त्यांनी डबा आडवा केला, बुडाशी थापटलं आणि झाड मुळांसकट अलगद ओढून काढलं. मुळं डब्याच्याच आकाराची झाली होती. बोटांनी ती हलके हलके सोडवत ते आईला सांगत होते, "फार मोठी कुंडी नको, ताई. ऐसपैस जागा मिळाली की हे फुलायचं विसरतं." मी भातसा नदीतली जाड वाळू चाळत होते, आई विटेचे तुकडे फोडत होती.

"पोराची काही खबर?" मामांनी मान वर न करता विचारलं.

आईनं इतके महिने तोंड मिटून ठेवलं होतं. पण समोर भाऊ बसला होता, त्याच्या हातात तिचं झाड होतं. ती रडायलाच लागली. "भाऊ, त्याला ताप येतोय. पांघरायला पन काय नाय त्याच्याकडं." आणि तिनं पाडा सांगितला, झोपडीही सांगितली.

मामांनी पेरं न मोडता झाड कुंडीत धरलं, भोवतीनं पालापाचोळ्याचं खत आणि वाळू भरली, अंगठ्यांनी दाबली. "आठवडाभर पाणी घालू नका," म्हणाले. मग हात धुतले. "घोंगडी द्या. जंगलातल्या वाटा मला ठाऊक आहेत."

आईनं घरातली एकुलती एक चांगली घोंगडी दिली.

दादा पकडला गेल्याचं कळलं ते त्या म्हातारीकडून. तिचा एक डोळा सुजून मिटला होता. ती ओटीवरसुद्धा चढली नाही. "तुमचाच भाव व्हता ना त्यो? फुडं त्यो आन् मागं झाडीत पोलीस. 'ताईनं घोंगडी धाडलीय' म्हनला, म्हनून मी दार सोडलं. पोरगा हासत भायेर आला."

आई तशीच कुंपणापाशी गेली. मामा पलीकडे उभेच होते.

"भाऊ, खरं हाय का?"

"ताई, शोध लागलाच होता. जंगलात गोळी लागून मेला असता. तुरुंगात जिवंत तरी राहील."

"मग मला सांगायचं व्हतं. माझी घोंगडी कशाला नेली?"

मामांनी कुंपणावरचा हात काढला आणि ते आत गेले. महिन्याभरात त्यांचा मुलगा नोकरीत कायम झाला. दादाचा जीव वाचवणं आणि मुलाची नोकरी, दोन्ही कारणं खरी असतील, किंवा एकच. मी पुष्कळ विचार केला, मला ठरवता आलेलं नाही.

पुढच्या नाताळातही फुलं आली. ती गळल्यावर आईनं स्वतःच माती बदलायला घेतली. गरज नव्हती, कुंडी वर्षाचीच होती. मामा कुंपणाशी येऊन म्हणाले, "ताई, यंदा नको. मुळं दुखावतील." आईनं वर पाहिलं नाही. तिनं झाड उपटल्यासारखं ओढलं, चार-सहा पेरं तुटून पडली, तरी तिनं ते दुसऱ्या कुंडीत कोंबलं. मामा ते सगळं बघत उभे राहिले. उन्हाळ्यात ते घर विकून मुरबाडला मुलाकडे गेले.

दादा सुटून आला तो खोकला घेऊनच. मामांचं नाव आमच्या घरात कुणी काढत नसे.

मग एका सकाळी मुरबाडहून आलेल्या बांगडीवाल्यानं जाता जाता सांगितलं, तुमचे शेजारी गेले. आई तांदूळ निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं, विहिरीवर गेली, आणि लुगड्यानिशी डोक्यावरून पाणी घेतलं. घरचं माणूस गेल्यावर घेतात तसं. ओले केस पाठीवर सोडून ती पुन्हा सुपाशी येऊन बसली.

दादा आतून आला. "आई, कोन गेलं गो?"

आई तांदूळ निवडत राहिली. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं. त्यानं आईच्या ओल्या केसांकडे एकदा पाहिलं, खुंटीवरची टोपी घेतली आणि खोकत खोकत तो बाहेर निघून गेला. दुपारी त्याचं पान वाढलेलं तसंच राहिलं.